पाणी ओसरलं, पण सावरलो कधी?

बडोद्याच्या कारेलीबागेत माझ्या मावशीचं तळमजल्यावरचं घर आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी त्या घरात दोन रात्री उभं होतं, स्वयंपाकाच्या ओट्याला लागून. पाणी गेल्यावर भिंतीवर एक तपकिरी रेघ राहिली. दोनदा रंग दिला, तरी हवेत ओल आली की ती पुन्हा उमटते.

त्या वर्षी जन्माष्टमी २६ ऑगस्टला होती आणि गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला. दोन्हींच्या मध्ये पूर आला. बडोद्यात गणपती हा गायकवाडांच्या काळापासून मराठी घरांचा आणि आता अख्ख्या गावाचा सण. चिखल उपसत उपसत मंडळांनी मांडव घातले, मूर्ती आल्या, आरत्या झाल्या. रोषणाई पाहून गाव सावरलं असं आम्ही सगळ्यांनी धरूनच टाकलं. मावशीकडेही गणपती बसला. पण पाट पाण्यात फुगून मधोमध चिरला होता, म्हणून वरच्या मजल्यावरच्या शेजारणीकडून प्लास्टिकचं स्टूल आणून त्यावर लाल कापड घातलं. गौरींचे मुखवटे वाचले होते, साड्या गेल्या होत्या.

दिवाळीत जमलो तेव्हा मी सहज विचारलं, "तुमचं घर सावरलं कधी?" मावसभाऊ म्हणाला, "पाचव्या दिवशी. मी ड्युटीवर गेलो ना." वहिनी म्हणाली, "मुलीची सगळी वह्या-पुस्तकं परत आली तेव्हा. सप्टेंबर संपत आला होता." मावशी घरापुरत्या चकल्या तळत होती. झारा न थांबवता म्हणाली, "अजून कुठे?"

एकाच छताखाली राहणारी, एकाच पाण्यातून गेलेली तीन माणसं आणि तीन उत्तरं. आपत्तीनंतर एखादं गाव, मोहल्ला किंवा शहर कितपत सावरलं हे मोजणाऱ्या अभ्यासकांपुढे नेमकी हीच अडचण असते. बुडालेलं मोजायची रीत आपल्याकडे जुनी आहे, तिला पंचनामा म्हणतात. सावरलेलं मोजायला मात्र सहसा कुणी परत येत नाही. आणि ते मोजलं नाही तर मदत कुणासाठी, किती दिवस चालू ठेवायची हे अंदाजाने ठरतं. माझ्या मते अंदाज नेहमी मावसभावाच्या बाजूने चुकतो, मावशीच्या बाजूने कधीच नाही.

खड्डा किती खोल आणि किती लांब

सोप्यापासून सुरुवात करू. कागदावर एक आडवी रेघ काढा. ती म्हणजे पुराआधीचं रोजचं जगणं, त्याला शंभर म्हणा. पूर आला की रेघ एकदम खाली पडते, समजा चाळिसावर. मग हळूहळू वर चढत पुन्हा शंभराला टेकते. मध्ये जो त्रिकोणी खड्डा तयार होतो, तो त्या घराने सोसलेला त्रास. २००३ मध्ये मिशेल ब्रुनो आणि त्यांच्या सहकारी भूकंप-अभ्यासकांनी ही आकृती मांडली आणि तेव्हापासून या विषयात ती सगळीकडे भेटते.

तिची खुबी अशी की खड्डा दोन वेगवेगळ्या गोष्टींनी लहान होतो. एक म्हणजे मुळात कमी पडणं: जोतं उंच असणं, विजेचं मीटर वरच्या मजल्यावर असणं. दुसरी म्हणजे लवकर चढणं: हाताशी चार पैसे असणं, मेकॅनिक ओळखीचा असणं, विमा असणं. मावसभावाचा खड्डा उथळ आणि अरुंद होता, कारण त्याचा पगार पाण्यात नव्हता. मावशीचा खड्डा खोल आणि रुंद, कारण तिची कमाई तळमजल्यावर होती.

आता यातली मेख. ही रेघ नेमकी कशाची काढायची? विजेची काढली तर आमच्या भागाचा खड्डा काही दिवसांत भरला. नळाच्या पाण्याची काढली तरी तसंच. कर्जाची काढली तर? झोपेची काढली तर? मुसळधार पाऊस लागला की मावशी रात्री दोनदा उठून दाराच्या उंबऱ्याशी हात लावून बघते. ती रेघ कुठल्याच खात्याकडे नाही.

आणि शंभर म्हणजे तरी काय? पुराआधीची स्थिती स्थिर कधीच नसते. एखादं दुकान पुरानंतर वर्षभराने बंद पडलं, तर ते पुरामुळे की तोपर्यंत त्याचं गिऱ्हाईक मोबाइलवरून माल मागवायला लागलं म्हणून? हे ओळखायला अभ्यासक जोडी लावतात: बुडालेल्या भागातली दुकानं आणि तशाच वस्तीची, तशाच धंद्याची, पण उंचावर असल्याने कोरडी राहिलेली दुकानं. दोन्हीकडे सारखी घट झाली असेल तर दोष पुराचा नाही. दोन्हींमध्ये जो फरक उरतो तो पुराचा. आमच्या गावात हे करणं फार अवघड नाही, कारण विश्वामित्री गावाच्या मधून वळणं घेत जाते आणि एकाच रस्त्याचं एक टोक बुडतं, दुसरं कोरडं राहतं.

घरघंटी आणि दिवाळीच्या ऑर्डरी

मावशी घरातून फराळ करून देते. भाजणी, चकल्या, कडबोळी, अनारशाचं पीठ. पुरात तिची घरघंटी गेली, मोटर जळाली. फ्रीज गेला, धान्याच्या दोन कोठ्या गेल्या. नुकसानीचा अभ्यास करणारे याला थेट नुकसान म्हणतील: वस्तू होती, आता नाही, किंमत लावता येते.

पण घरघंटी नाही म्हणून श्रावण-भाद्रपदात भाजणी दळली गेली नाही, भाजणी नाही म्हणून दिवाळीच्या ऑर्डरी घेता आल्या नाहीत, आणि ज्या घरांनी त्या वर्षी फराळ दुसरीकडून घेतला त्यातली काही पुढच्या वर्षी परत आली नाहीत. ही दुसरी जात, बुडालेली कमाई. संयुक्त राष्ट्रांच्या लॅटिन अमेरिकेच्या आर्थिक आयोगाने १९७०च्या दशकात आपत्तीचा हिशेब करण्याची जी पद्धत बसवली, तिने हे दोन रकाने वेगळे केले. आज संयुक्त राष्ट्रं, जागतिक बँक आणि युरोपीय संघ मिळून आपत्तीनंतर जे मूल्यमापन करतात, त्याचा पाया तोच आहे. पहिला रकाना एका भेटीत भरता येतो. दुसरा वाढत राहतो, म्हणून त्याच घरी पुन्हा पुन्हा जावं लागतं.

पुरानंतर सप्टेंबरमध्ये गुजरात सरकारने बडोद्याच्या व्यापाऱ्यांसाठी मदत जाहीर केली. लारीवाल्याला, म्हणजे हातगाडीवाल्याला, ५ हजार रुपये, छोट्या केबिनला, म्हणजे टपरीला, २० हजार, मोठ्या केबिनला ४० हजार, पक्क्या दुकानाला ८५ हजारांपर्यंत. मदत झाली, अनेकांच्या लाऱ्या त्यावर उभ्या राहिल्या, हे मी पाहिलं आहे. पण त्या यादीत मावशीने स्वतःला कुठे शोधायचं? तिची ना लारी, ना केबिन, ना दुकान. स्वयंपाकघरातली घरघंटी ही मोजणाऱ्याच्या लेखी घरातली एक वस्तू, मिक्सरसारखी. शिलाई, पापड, शिकवण्या, मेसचे डबे असे किती धंदे आपल्या घरांतून चालतात आणि त्यातले बहुतेक बायका चालवतात. मोजणीच्या तक्त्यात ज्याला रकाना नाही, ते बुडालेलंही दिसत नाही आणि सावरलेलंही नाही. मला या साऱ्या विषयात सगळ्यात जास्त लागतं ते हेच.

शेव-उसळीची लारी

कधीकधी मोजायची खूण अगदी रस्त्यावर सापडते. अमेरिकेत वॉफल हाउस नावाची उपाहारगृहांची साखळी आहे, वर्षाचे सगळे दिवस चोवीस तास उघडी. वादळानंतर कुठल्या गावाची काय अवस्था आहे हे झटकन कळावं म्हणून तिथल्या आपत्ती विभागाचे तेव्हाचे प्रमुख क्रेग फ्युगेट तिच्या शाखांकडे बघत. पूर्ण मेन्यू मिळतोय तर हिरवा, अर्धाच मिळतोय तर पिवळा, बंद असेल तर लाल. अर्धा मेन्यू म्हणजे वीज जनरेटरवर आहे किंवा माल संपत आलाय. बंद म्हणजे तिथे तातडीने पोचा.

आमच्याकडे हे काम शेव-उसळीची लारी करू शकेल. उसळ मराठी, शेव गुजराती, आणि बडोद्याबाहेर तिची ती चव लागत नाही असं आम्ही मानतो. विचार करा, लारी उभी राहायला काय काय लागतं: वाटाणे, बेकरीचा पाव, हिरवा कांदा, गॅसचा बाटला, पिण्याचं पाणी, भांडी घासणारा पोऱ्या, आणि खिशात पैसे असलेलं गिऱ्हाईक. उसळ आहे पण पाव नाही, तर बेकरी अजून बंद आहे. सगळं आहे पण गिऱ्हाईक नाही, तर आजूबाजूची ऑफिसं उघडली नाहीत. एका लारीत अर्धा मोहल्ला वाचता येतो.

फक्त एवढंच लक्षात ठेवायचं की लारी पुन्हा उभी राहिली म्हणजे लारीवाला पुन्हा उभा राहिला असं नाही. माझ्या ओळखीच्या कोपऱ्यावर महिन्याभरात लारी लागली, पाटी तीच, उसळीवरची तर्रीही तशीच झणझणीत. मालक दुसरा होता. पहिल्याने भांड्यांसकट विकली आणि तो गावाकडे गेला.

सरासरी कुणाची

लारीच्या मालकासारखंच अख्ख्या शहराचंही होतं. ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना वादळात न्यू ऑर्लीन्स बुडालं. २००० सालच्या जनगणनेत त्या शहरात ४ लाख ८४ हजार माणसं होती, २०१०च्या जनगणनेत ३ लाख ४३ हजार. मधल्या वर्षांत कोण परतलं हे कळावं म्हणून तिथल्या अभ्यासकांनी टपालखात्याचा आधार घेतला: किती पत्त्यांवर प्रत्यक्ष टपाल पोचवलं जातंय, मोहल्ल्याप्रमाणे. ही युक्ती मला फार आवडते, कारण पोस्टमन घर बघत नाही, घरातलं माणूस बघतो.

माणसं परतली की नाही हे का महत्त्वाचं, तर सरासरीमुळे. समजा एका चाळीत दहा बिऱ्हाडं आहेत, पुरानंतर त्यातली सर्वांत गरीब चार, भाडेकरू म्हणून, परत येऊच शकली नाहीत. चाळीचं सरासरी उत्पन्न वाढलेलं दिसेल. एकाही घरात एक रुपया जास्त आलेला नसताना कागदावर चाळ आधीपेक्षा बरी. म्हणून सावरणं मोजायचं असेल तर जागा धरून चालत नाही, माणसं धरावी लागतात. ती जिथे गेली तिथपर्यंत.

वरून बघण्याचीही सोय आता आहे. रात्रीच्या दिव्यांची उपग्रहातून घेतलेली चित्रं बघून वीज कुठे परत आली हे कळतं. २०१७च्या मारिया वादळानंतर प्वेर्तो रिको बेटावर नासाच्या शास्त्रज्ञांनी अशी चित्रं मोहल्ल्यामोहल्ल्याने तपासली, आणि शहरांपेक्षा दूरच्या ग्रामीण वस्त्या जास्त काळ अंधारात राहिल्याचं त्यात दिसलं. बेटाची एकच सरासरी काढली असती तर त्या वस्त्या त्यात विरघळून गेल्या असत्या.

आता आपल्या गुजरातकडे येऊ. २६ जानेवारी २००१च्या कच्छच्या भूकंपात तेरा हजारांहून जास्त माणसं गेली. पुनर्बांधणीत सरकारने एक शहाणपणाचा निर्णय घेतला: घर ठेकेदाराकडून न बांधता ज्याचं त्याने बांधायचं, आणि काम जसं पुढे सरकेल तसा, इंजिनिअरने तपासून, हप्ता द्यायचा. दोन लाखांवर घरं अशी उभी राहिली. हप्त्यांमुळे मोजणी बांधकामातच विणलेली होती. शिवाय नव्या कारखान्यांना करात सवलत मिळाली, उद्योग आले, जिल्ह्याचा आर्थिक आलेख भूकंपाआधीपेक्षाही वर गेला.

या यशाच्या पोटात अजरखपूरची गोष्ट आहे. धमडका गावातले खत्री कारागीर पिढ्यान्‌पिढ्या अजरख छापतात, म्हणजे लाकडी ठशांनी कापडावर नक्षी उठवतात. भूकंपानंतर तिथल्या पाण्यात लोहाचं प्रमाण वाढलं आणि नैसर्गिक रंग पूर्वीसारखे उतरेनात. अनेक कुटुंबांनी भुजजवळ जमीन घेऊन नवं गाव वसवलं, तेच अजरखपूर. आता सांगा, धमडक्यात जाऊन "किती घरं पुन्हा उभी राहिली?" एवढंच विचारलं तर ही कुटुंबं न सावरलेली ठरतील. प्रत्यक्षात त्यांची कला जगली, आणि ती जगली कारण त्यांनी जुनी जागा सोडली. पूर्ववत होणं वेगळं आणि सावरणं वेगळं.

किल्लारीला याच्या उलट झालं. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबाद भागातली ५२ गावं नव्या जागी वसवली. घरं मोजली तर काम पूर्ण. पण सरळ रेषेतल्या रुंद रस्त्यांवर, एकमेकांपासून लांब लांब बांधलेल्या घरांत जुन्या गल्लीतला ओटा आला नाही, गुरांना गोठा आला नाही. लोकांनी ते पुढे स्वतःच जोडून घेतलं. माहेरची माणसं लातूरकडची असलेल्या माझ्या चुलतवहिनीकडे अजूनही 'जुनं गाव' आणि 'नवं गाव' असं वेगळं बोललं जातं.

कोबेचं कॅलेंडर

सगळ्यात प्रामाणिक मोजमाप मला जपानमध्ये सापडलं. १७ जानेवारी १९९५च्या भूकंपात कोबे शहरात आणि आसपास ६,४०० हून अधिक माणसं गेली. तात्पुरती घरं सोडत काढून वाटली, म्हाताऱ्यांना अग्रक्रम दिला. हेतू चांगला होता. पण त्यामुळे जुने शेजारी पांगले आणि अनेक वृद्ध त्या घरांमध्ये एकटेच, कुणाला पत्ता न लागता मेले. घर मिळालं, या रकान्यात त्या सगळ्यांपुढे बरोबरची खूण होती.

१९९९ मध्ये शहराने नागरिकांना बोलावून विचारलं, की सावरणं म्हणजे तुमच्या लेखी काय? हारुओ हायाशी आणि शिगेओ तात्सुकी हे अभ्यासक या कामात होते. आलेल्या उत्तरांतून सात गोष्टी निघाल्या: घर, माणसांशी नाती, मोहल्ला, पुढच्या संकटाची तयारी, शरीर-मनाचं आरोग्य, कमाई आणि सरकारशी असलेला संबंध. पहिला नंबर घराचा लागला यात नवल नाही. दुसरा नात्यांचा लागला, कमाईच्याही वर.

डॅनियल ऑल्ड्रिच या अभ्यासकाने कोबेपासून तामिळनाडूच्या त्सुनामीग्रस्त किनाऱ्यापर्यंत तपासून हेच दाखवलं, की ज्या वस्तीत माणसं एकमेकांना धरून असतात ती लवकर उठते. आणि त्याच तामिळनाडूत त्याला हेही दिसलं, की घट्ट बांधलेली वस्ती दलितांना आणि विधवांना मदतीच्या यादीबाहेरही ठेवू शकते. म्हणून "इथे एकी किती?" हा प्रश्न पुरत नाही. एकीत कोण कोण आहे, हेही विचारावं लागतं.

त्याच जपानी मंडळींनी पुढे एक सर्वे बसवला, त्याला सावरण्याचं कॅलेंडर म्हणता येईल. "तुम्ही सावरलात का?" असं त्यात विचारत नाहीत. काही साधी वाक्यं देतात आणि प्रत्येकापुढे विचारतात, हे तुम्हाला कधी वाटलं? आता जीव सुरक्षित आहे, असं कधी वाटलं? काम किंवा शाळा कधी सुरू झाली? राहण्याचा प्रश्न कधी सुटला? घरखर्चावरचा ताण कधी संपला? आणि शेवटी, मी आपत्तीग्रस्त आहे असं वाटणं कधी थांबलं?

उत्तरं मांडताना वेळेची पट्टी दहापटीने वाढते: १० तास, १०० तास, १ हजार तास, १० हजार तास. आमच्या पुरापासून मोजलं तर १०० तास म्हणजे चौथा-पाचवा दिवस, मावसभाऊ ड्युटीवर गेला तो. १ हजार तास म्हणजे ऑक्टोबरचा पहिला आठवडा, गरब्याची मैदानं भरली होती तो. आणि १० हजार तास थेट पुढच्या वर्षीच्या दिवाळीच्या तोंडाशी येतात. सरकारी सर्वे सहसा पहिल्या काही आठवड्यांतच आटोपतो. मावशीचं खरं नुकसान त्यानंतर सुरू झालं.

माझी मागणी एवढीच आहे, आणि ती महापालिकेला, विद्यापीठाला, कुणालाही करता येईल: प्रत्येक बुडालेल्या भागातली थोडी घरं निवडा, भाडेकरू धरून, घरातून धंदा करणाऱ्या बायका धरून, आणि त्याच घरांना पुढची तीन वर्षं दर सहा महिन्यांनी भेटा. घर बदललं तर नव्या पत्त्यावर जा. घरातल्या एकाच माणसाला विचारू नका. हजारो घरांच्या एकवेळच्या यादीपेक्षा अशी दोनशे घरं जास्त खरं सांगतील.

२०२५च्या दिवाळीत, ते १० हजार तास भरले तेव्हा, मी भिंतीवरची दोन जुनी कॅलेंडरं घेऊन मावशीपुढे बसले आणि तीच वाक्यं मराठीत विचारली. जीव सुरक्षित वाटला? गच्चीवरून उतरले त्या सकाळी. काम सुरू? दुसऱ्या वर्षी संक्रांतीला, तिळगुळाच्या वड्यांपासून. घरघंटीचे हप्ते अजून चार राहिले होते, म्हणून घरखर्चाची तारीख तिने पुढच्या वर्षात दाखवली. शेवटच्या वाक्यावर ती उठली, कारण दूध उतू जात होतं.

तेवढ्यात तिला बेसन लागलं. पुरानंतर तिने पीठ-डाळींचे सगळे डबे माळ्यावर चढवले आहेत, एकही खालच्या फळीवर ठेवत नाही. गणपतीचं ते प्लास्टिकचं स्टूल शेजारणीने परत घेतलंच नाही. मावशी त्यावर चढली, डबा काढला, वाटीभर बेसन घेतलं, आणि डबा पुन्हा वर ठेवून दिला.